चपचपीत

बापूकाकांनी पाठीवर शाबासकी दिली, की शर्टावर पाचही बोटं उमटतात. थंडीत तिळाचं तेल, उन्हाळ्यात खोबरेल, पावसाळ्यात बाम. ऋतू कुठलाही असो, काका कोरड्या हाताने भेटले असं सहसा होत नाही. पाया पडायला वाकावं तर पावलंही चकाकत असतात. घरात आलेल्या नव्या सुना पहिल्या नमस्कारानंतर हळूच बोटं पदराला पुसतात. वर्षभरात पुसायचं सोडून देतात.

असा एक माणूस बहुतेक घरांत असतो. कुठे तो आजोबा असतो, कुठे मोठी आत्या, कुठे शेजारच्या वहिनी. त्याचं म्हणणं एकच: जगात जे जे बिघडतं, ते कोरडं पडल्यामुळे बिघडतं. गुडघा कुरकुरतो, बिजागरी कुरकुरते, सायकलची साखळी कुरकुरते, पाळण्यातलं पोर कुरकुरतं. दुखणं एकच, औषधही एकच. बाटल्या फक्त वेगवेगळ्या. आणि बाटल्यांची अदलाबदल झालेली आमच्या काकांना अजिबात खपत नाही.

काकांच्या नाशिकच्या घराची बेल दाबायच्या आधीच कापूर, निलगिरी आणि जुन्या तिळतेलाचा एक एकत्र वास जिन्यात येऊन भेटतो. हॉलमधल्या कपाटाचा मधला कप्पा काकांचा. तिथे महानारायण तेल, एरंडेल, करंजेल, अमृतांजनची पिवळी बाटली, वासलीनच्या लहानमोठ्या डब्या आणि या सगळ्यांच्या मधोमध कैलास जीवन. कैलास जीवनवर काकांची श्रद्धा कुलदैवताच्या खालोखाल आहे. भाजलं, कापलं, खरचटलं, टाचा फुटल्या, झोप येत नाही, ओठ उलले, डास चावला, कशावरही तेच. एकदा पुतणीचं लग्न ठरत नव्हतं तेव्हा काका कपाटाकडे वळले, तर काकू म्हणाली, "अहो, तिला नको, मुलाकडच्यांना लावा."

त्या कपाटाशेजारी काकांची खुर्ची, आणि खुर्चीमागच्या भिंतीवर डोक्याच्या मापाचा एक काळपट गोल. दर काही वर्षांनी घराला रंग लागतो आणि दर वेळी तो गोल आठवड्याभरात नव्या रंगातून वर येतो. गेल्या खेपेच्या रंगाऱ्याने सांगितलं, की आधी साबणाच्या पाण्याने भिंत धुवावी लागेल, नाहीतर तेल वर येतच राहणार. काकांनी त्याला विचारलं, "ह्या भिंतीला कधी भेग गेलेली बघितलीस?" रंगारी नाही म्हणाला. "मग?" असं म्हणून काका पुन्हा डोकं टेकून बसले. काकू आता तिथे जुनं वर्तमानपत्र लावते. दुपारपर्यंत त्यातल्या बातम्या आरपार वाचता येतात.

"तेल लाव" असं कोणी म्हटलं, की काकांमधला मास्तर जागा होतो. "लावतात ते कुलूप. तेल डोक्यात जिरवतात, पाठीला चोळतात, गुडघ्याला रगडतात. बाळाला माखतात. पोळीला तूप चोपडतात. मलम बोटाच्या टोकाने टिपतात, फासत नाहीत. फासतात तो शेंदूर. चाकाला वंगण घालतात."

"आणि काळं?" माझ्या चुलतभावाने एकदा विचारलं.

"काळंही फासतात. पण ते आपलं खातं नाही."

या काटेकोरपणामुळे काकांशी साधं बोलणंही जपून करावं लागतं. हाच भाऊ एकदा नोकरीच्या मुलाखतीहून वैतागून आला आणि बूट भिरकावत म्हणाला, "गेली ती कंपनी तेल लावत!" काकांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि खऱ्या कुतूहलाने विचारलं, "कुठलं?" सोसायटीच्या गच्चीच्या गळतीचं काम घेतलेला ठेकेदार पैसे घेऊन पसार झाला, तेव्हा सभेत सेक्रेटरी कळवळून सांगत होते, "त्याने आपल्याला चुना लावला हो!" मागच्या रांगेतून काका म्हणाले, "चुना लावला असता तर गच्ची गळली नसती." एखाद्या पुढाऱ्याला कोणी तेल लावलेला पैलवान म्हटलं, तरी काकांचा आक्षेप असतो. तरुणपणी ते तालमीत जात. आखाड्याची तांबडी माती तेल, ताक आणि हळद घालून मळलेली असते, आणि पकड निसटू नये म्हणून गडी कुस्तीआधी तीच माती एकमेकांच्या अंगावर टाकतात, हे ते हातवारे करून सांगतात. "तेल मातीत असतं, आणि माती धरून ठेवते. निसटणाऱ्याला पैलवान कशाला म्हणता?" हे सांगताना ते समोरच्याचं मनगट पकडून दाखवतात. आणि मनगट सुळकन निसटतं.

आम्हा पोरांची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे काकांचा कारखाना होता. शतधौत घृत नावाचं एक प्रकरण असतं. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, त्यात पाणी घालायचं, तळव्याने फेसायचं, पाणी टाकायचं, पुन्हा नवं पाणी. असं शंभर वेळा. पिवळं रवाळ तूप हळूहळू पांढरं होतं, त्याचा वास जातो आणि शेवटी लोण्याहून मऊ असं मलम तयार होतं. भाजलेल्या कातडीवर ते गार लागतं, यात शंका नाही. पण शंभर म्हणजे शंभर. मोजायचं काम पोरांकडे. नव्वदीच्या घरात कोणीतरी हमखास चुकायचं आणि मग काका न रागावता म्हणायचे, "पन्नासपासून धरू." एकदा मोठ्या बहिणीने सुचवलं, की ऐंशीलाही ते तसंच दिसतंय. काकांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बिचारीने पुढच्या वीस धुण्या एकटीने केल्या.

दुसरा विधी काशाच्या वाटीचा. रात्री तळपायाला तूप चोपडायचं आणि काशाच्या वाटीच्या बुडाने गोल गोल घासायचं. थोड्या वेळात तळवा काळाकुट्ट. "बघ, किती उष्णता निघाली!" काका विजयाने दाखवतात. इंजिनीयर झालेल्या पुतण्याला हे सहन झालं नाही. काशात तांबं आणि कथील असतं, तुपातल्या आम्लांशी त्यांची गाठ पडली की काळपट थर यायचाच, असं त्याने समजावलं. काका ऐकत होते. मग त्याने एक जुनी चामड्याची चप्पल आणली, तिच्यावर तूप चोपडलं, वाटी घासली. चप्पलही काळी पडली. खोलीत शांतता. काकांनी चप्पल उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "तूच वापरायचास ना ही? म्हणजे तुझी उष्णता हिच्यात मुरलेली आहे."

आता या राज्यात एक परकी सत्ता आहे, तीही सांगायला हवी. काकू वेंगुर्ल्याची. तिच्या माहेरून दर मे महिन्यात आंबे, सोलं आणि फडक्यात गुंडाळलेलं मुठेल येतं. कोकमाच्या बिया कुटून पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल काढायचं. ते गार झालं की घट्ट होतं आणि मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात. खोलीतल्या उकाड्यातही ते विरघळत नाही. टाचेला भेगा पडल्या की चमच्यात तुकडा तापवायचा आणि गरम थेंब थेट भेगेत सोडायचा. माणूस ओरडतो, पण दोनतीन रात्रींत भेग भरत येते. काकांच्या बाटल्यांना जे वर्षानुवर्षं जमलं नाही ते या पांढऱ्या गोळ्याने केलं, हे सगळ्या घराला ठाऊक आहे आणि काका ते तोंडाने कबूल करत नाहीत. मात्र हिवाळ्यात रात्री स्वयंपाकघरात चमचा तापवल्याचा वास आला, तर आत कोण आहे ते न बघताही कळतं.

स्वयंपाकघरावर एरवी काकूचं राज्य, पण तिथेही काकांच्या नेमणुका ठरलेल्या आहेत. वर्षाची तूरडाळ आली, की गच्चीवर चटई टाकून तिला एरंडेल चोळायचं काम त्यांचं. कीड लागत नाही. फणस कापताना चीक चिकटू नये म्हणून सगळ्यांच्या हाताला आणि विळीच्या पात्याला खोबरेल पुसायचं काम त्यांचं. घावन घालताना तव्यावर तेल फिरवायला वांग्याचं देठ चांगलं की अर्धा कापलेला कांदा, यावर त्यांची मतं आहेत (देठ, कांदा जळतो). पोळीवर तूप पडताना ते वाटीकडे बघत नाहीत, कडेकडे बघतात. "कडा कोरडी राहिली." काकू म्हणते, "कडेला तूप लावलं की ताटाला लागतं." काका म्हणतात, "ताटालाही लागू दे."

ही उदारता नेहमीच फळते असं नाही. निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात यायला लागते त्या दिवसांत, एकदा काकांनी मीटरच्या खोलीचं कुलूप अडकतं म्हणून त्यात खोबरेल सोडलं. दुपारी कुलूप लोण्यात सुरी फिरावी तसं फिरलं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं, हे न्हाणीघरातली निळी बाटली रोज सकाळी उन्हात ठेवणाऱ्या माणसाला सांगायला नको होतं. रात्री फ्यूज उडाला. सगळी इमारत अंधारात, आणि कुलपात गोठलेलं तेल. काका मेणबत्ती घेऊन कुलपाला शेक देत उभे, भोवती स्वेटर घातलेले शेजारी. दुसऱ्या दिवशी चावीवाला आला आणि म्हणाला, "कुलपात तेल घालायचंच नाही, बाबा. धूळ धरतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड टाकायची." एखाद्या गोष्टीला कोरडं औषध असू शकतं, हा विचार काकांना पचायला बरेच दिवस लागले. आता त्यांच्या कप्प्यात एक पेन्सिलही आहे. पण ती तेलकट झाली आहे.

दिवाळीला मात्र काकांना तोड नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे चारला सगळ्या घराला उठवून पाटावर रांगेने बसवतात. गरम तेलाची वाटी, उटणं, पायाखाली चिरडायला कारीट. लहानांना हलक्या हाताने, थोरांना जोरात, आणि जावयांना अंमळ जास्तच जोरात. तळहाताची कड पाठीच्या कण्यावरून अशी फिरते, की माणसाला आपल्याला कणा आहे याची वर्षातून एकदा खात्री पटते. दरवर्षी न्हाणीघराच्या फरशीवर कोणीतरी घसरतं. घसरलेल्याच्या कंबरेला मग काकाच महानारायण तेल रगडतात आणि बजावतात, "फरशीवर तेल सांडतं, जपून चालावं माणसाने."

देवांचंही ते असंच बघतात. शनिवारी मारुतीला तेल, एरवीही जाता-येता. 2022 साली सप्तशृंगगडावर देवीच्या मूर्तीवरचे वर्षानुवर्षांचे शेंदराचे थर काढले आणि मूळ रूप दिसलं, तेव्हा आम्ही सगळे फोटो बघून थक्क झालो. काकांनी चष्मा लावून बराच वेळ निरखलं. "बघा," ते म्हणाले, "आत एक चरा नाही." मग काकूकडे वळून, "आणि तू म्हणतेस, माझ्या उशीचे अभ्रे खराब होतात."

इतकं सगळं वाचून कोणाला वाटेल, की हा गृहस्थ बोलण्यातही मोठा गुळगुळीत असणार. लोणी लावण्यात पटाईत, साहेबांचा लाडका, मामलेदार कचेरीत कामं फटाफट. तिथेच तर गंमत आहे. काकांच्या हाताला जेवढं तेल, तेवढी त्यांची जीभ कोरडी. लग्नात नवरीकडे बघून "वाळली आहेस" म्हणणारे, बारशाला "कान आजोबांवर गेलेत, पण असू दे" म्हणणारे, आणि नव्या घराच्या वास्तुशांतीला यजमानाचं तोंड पडेपर्यंत बिजागऱ्या तपासणारे ते हेच. काकू म्हणते, "सगळं तेल भिंतीला. जिभेला थेंब नाही."

नोकरीतही तसंच झालं. काका एका सरकारी खात्यात होते. एक नवे साहेब आले, त्यांचा गुडघा धरलेला. काकांनी दुसऱ्या दिवशी डब्यातून महानारायण तेल नेलं, साहेबांच्या केबिनमध्ये पँट वर करायला लावली आणि स्टुलावर बसून गुडघा रगडायला सुरुवात केली. बाहेर कुजबुज सुरू झाली. शिपायाने सांगितलं, हेडक्लार्कने ऐकलं, आणि दुपारपर्यंत सगळ्या कचेरीत झालं, की बढतीचं पक्कं. लोणी लावतात, मस्का मारतात, हे सगळ्यांनी बघितलेलं. पण साहेबांना प्रत्यक्ष तेल चोळणारा माणूस खात्याने प्रथमच पाहिला होता. पंधरा दिवस रोज मालिश. साहेब जिने चढायला लागले. बढती दुसऱ्यालाच मिळाली. कारण फार उशिरा कळलं. रगडता रगडता काका साहेबांना रोज सांगत होते, "गुडघ्याचा काही दोष नाही, साहेब. वरचं ओझं कमी करा. एवढं वजन बैलगाडीलासुद्धा झेपणार नाही, मग तुम्ही ओंगण घाला नाहीतर काय घाला."

काकांना त्याचं दुःख झालं नाही. "गुडघा सुटला ना?" एवढंच ते विचारतात. मला वाटतं, त्यांना गोड बोलता येत नाही म्हणूनच बोटं इतकी चालतात. मी बारावीत आपटलो तेव्हा घरातल्या प्रत्येकाने मला काही ना काही ऐकवलं. काका काही बोलले नाहीत. रात्री माझ्यामागे स्टूल घेऊन बसले आणि डोक्यात तेल जिरवत राहिले. मध्येच एकदा म्हणाले, "टाळू तापलीये." बस.

वासलीन शोधणाऱ्या रॉबर्ट चेसब्रोची गोष्ट मी त्यांना सांगितली, ती मात्र सांगायला नको होती असं काकूचं मत आहे. अमेरिकेतल्या तेलविहिरींच्या पंपावर जमणारा मेणचट राप तिथले कामगार भाजल्या-कापल्यावर लावत. त्या रापातून याने वासलीन काढलं आणि 1872 मध्ये पेटंट घेतलं. म्हणे तो स्वतः रोज चमचाभर वासलीन खात असे, आणि जगला 96 वर्षं. काकांनी आकडा पुन्हा विचारला. मग कपाटाकडे नुसती नजर टाकली. त्या दिवसापासून वासलीनच्या मोठ्या डब्या काकूच्या साड्यांच्या कपाटात असतात. एक छोटी डबी मात्र काकांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असते, आणि गेल्या नोव्हेंबरात तिने मोठं काम केलं.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीचा दाखला. बँकेत मशीनवर अंगठा ठेवायचा. मी काकांना घेऊन गेलो होतो. रांग मोठी, आणि पुढेच सरकेना. म्हाताऱ्यांचे अंगठे थंडीने सुकलेले, रेषा झिजलेल्या, मशीन काही घेईना. एक आजी चौथ्यांदा अंगठा ठेवत होत्या. कारकून मुलगी दमून म्हणाली, "आजी, बोट फार कोरडं आहे हो."

काका रांगेतून बाहेर पडले. कोणाला काही कळायच्या आत त्यांनी खिशातून डबी काढली, आजींचा अंगठा धरला, वासलीनचा ठिपका लावला, चोळला, जास्तीचं आपल्या रुमालाने टिपलं. "आता ठेवा." मशीनने हिरवा दिवा दाखवला. आजींनी मशीनलाच हात जोडले. त्यानंतरचा तासभर काका बाकावर बसले होते आणि समोर दुसरी रांग लागली होती. "जास्त नको, चपचपीत झालं तर पुसून टाका," असं ते प्रत्येकाला सांगत होते. मुलगी आत बसून ओरडत होती, "पुढचे! काकांकडे जाऊन आलात ना?"

दुपारी काकांचा स्वतःचा नंबर आला. त्यांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल दिवा. मी टिश्यू आणला, मुलीने पावडर आणली, शिपायाने हात साबणाने धुवायला नेलं. दहा बोटांपैकी एकही बोट मशीनने ओळखलं नाही. चाळीस वर्षांचं तेल एका धुण्याने थोडंच निघणार.

"असू दे, काका," ती मुलगी म्हणाली. "तुमचं डोळ्याच्या मशीनवर करू. इथे बघा. हलू नका." काकांनी डोळे मोठे केले. मशीन थांबलं, पुन्हा चालू झालं, पुन्हा थांबलं. मुलगी पुढे वाकून बघायला लागली.

"काका, डोळ्यांत काय आहे?"

"गाईचं तूप," काका म्हणाले. "रात्री घालतो. तुझे डोळे फार कोरडे दिसतात, बाळ. दिवसभर त्या स्क्रीनकडे बघतेस ना?" आणि त्यांचा हात दुसऱ्या खिशाकडे गेला.